सोलरला हो, बॅटरीला थांबा: आमच्या सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र

प्रति,
चेअरमन साहेब, सेक्रेटरी दादा, ट्रेझरर ताई आणि ए-बी दोन्ही विंगचे सगळे मेंबर,
घोडबंदर रोड, ठाणे

नमस्कार मंडळी,

मी ए विंग, ६०३. रविवारच्या स्पेशल जनरल बॉडीची नोटीस परवा बोर्डवर लागली, त्यात विषय क्रमांक ३ असा आहे: "गच्चीवर २५ किलोवॅट सोलर व २० युनिटची बॅटरी बसविणे, एकूण खर्च रु. १९ लाख ३५ हजार, यास मंजुरी देणे." वाचताना असं वाटलं की मंजुरी देऊन झालेलीच आहे, आपण फक्त वडापाव खाऊन टाळ्या वाजवायच्यात. ग्रुपवर लिहायला गेले तर वर गुड मॉर्निंगची फुलं आणि खाली पार्किंगचं भांडण, मधे माझे आकडे कोण वाचणार, म्हणून हे एवढं मोठं पत्र. आणि खुलं अशासाठी की शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांमध्येही असलीच कोटेशनं फिरतायत आणि तिथल्या ओळखीच्या बायका मला रोज वॉकला विचारतात की तुमच्याकडे काय ठरलं.

आधीच सांगून टाकते म्हणजे कोणी "या मॅडमना प्रत्येक गोष्टीला विरोध" म्हणायला नको. सोलर बसवाच. गेल्या वर्षीच बसवायला हवं होतं. माझं भांडण त्यातल्या बॅटरीशी आहे, १९ लाख ३५ हजारातल्या त्या ५ लाख ६० हजारांशी. मागच्या मीटिंगला मी हे बोलायला उठले तर मागून कोणीतरी म्हणालं की काकू यात इंजिनिअरिंग आहे. असेल बाबा. मी वागळे इस्टेटला बावीस वर्षं अकाउंट्स बघते, मला बिलं वाचता येतात, आणि हा विषय निम्म्याहून जास्त बिलाचाच आहे.

तर बिलापासून सुरू करते. आपल्यातल्या किती जणांनी सोसायटीचं कॉमन मीटरचं बिल हातात घेऊन पाहिलंय? दोन लिफ्ट, दोन पंप, जिन्याचे आणि कंपाउंडचे दिवे, गेटचा सीसीटीव्ही, सगळं त्या एका मीटरवर. महिन्याला सरासरी २,९०० युनिट. आता गंमत अशी की महावितरणच्या दरपत्रकात सोसायटीचं कॉमन मीटर पण घरगुतीच धरतात, म्हणजे आपल्या घरच्या मीटरला जे स्लॅब तेच त्याला. २०२४-२५ चे दर माझ्याकडे लिहून आहेत, वहन आकार धरून पहिल्या शंभर युनिटला ५.८८, १०१ ते ३०० ला ११.४६, ३०१ ते ५०० ला १५.७२ आणि पाचशेच्या वर गेलं की सरळ १७.८१. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. आपले २,९०० पैकी २,४०० युनिट त्या शेवटच्या खणात जाऊन पडतात. म्हणजे रात्री दोन वाजता कोणी नसलेल्या जिन्यात जो दिवा जळतोय ना, त्याचं युनिट आपल्याला वीस रुपये सहासष्ट पैशाला पडत होतं. तुमच्या घरातला एसी सुद्धा बहुतेक एवढ्या महागाचा नसेल.

म्हणून सोलर "परवडतं का" या प्रश्नाला एक उत्तर नाहीये, ते तुमचं शेवटचं युनिट कुठल्या स्लॅबमध्ये पडतं त्यावर आहे. आमच्या कामवाल्या मावशींचं कळव्याला एका खोलीचं घर आहे, महिन्याला साठ-सत्तर युनिट जळतात, त्यांना सोलरने वाचणार महिन्याचे जेमतेम चारशे रुपये, त्यांना कोणी सोलर विकायला आला तर मी दारातून परत पाठवीन. आणि आपल्या कॉमन मीटरला मात्र सोलर म्हणजे सोन्याचं अंडं देणारी कोंबडी. एक किलोवॅट आपल्या भागात वर्षाला साधारण १,३५० ते १,४०० युनिट देतं, मार्च-एप्रिलला दिवसाला साडेचार-पाच, जुलैत ढगांमुळे दोन-अडीच. पंचवीस किलोवॅटचे झाले वर्षाचे चौतीस हजार युनिट, महिन्याला सरासरी २,८५० च्या आसपास. बरोबर आपल्या वापराएवढं. जुन्या दराने हे महिन्याला पंचावन्न हजारांच्या घरात जातं, पण त्यानंतर दर बदललेत आणि पुढेही बदलत राहणार, म्हणून मी माझा आकडा चाळीस टक्के खाली खेचला आणि वर्षाचे फक्त चार लाख वाचतील असं धरलं. सोलरचा खर्च १३ लाख ७५ हजार. त्यातून पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी, सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटमागे १८ हजार, म्हणजे साडेचार लाख वजा. राहिले सव्वानऊ लाख. अडीच वर्षांत पैसे परत आणि पॅनलची वॉरंटी पंचवीस वर्षांची. मधे इन्व्हर्टर एकदा बदलावा लागेल, साफसफाईचा खर्च येईल, सगळं धरूनही मला यात खोट सापडत नाही. एफडी मोडून करावं असं काम आहे.

आता बॅटरी.

ही बॅटरी अजेंड्यावर आली कुठून ते सगळ्यांना माहितीये. जूनमध्ये लाइट गेली आणि बी विंगच्या आजी लिफ्टमध्ये अडकल्या, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे, पंचवीस मिनिटं, आत अंधार आणि हातात भाजीची पिशवी. वॉचमन चावी शोधत पळतोय, आपण सगळे जिन्यात उभे राहून "आजी घाबरू नका" ओरडतोय. बाहेर आल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पिशवीतली कोथिंबीर नीट करत बसल्या, ते बघून मलाच कसंतरी झालं. माझे सासरे सहाव्या मजल्यावर राहतात, दोन्ही गुडघे गेलेले, त्या दिवसापासून तेही खाली उतरायला का-कू करतात. त्यामुळे ज्यांनी "बॅटरीसकटच घ्या" म्हटलं त्यांची भीती मला कळते, मी काही वरून टेबलावर बसून हिशोब मांडत नाहीये.

पण मग मी सोलरवाल्याच्या त्या मुलाला, जो टॅब घेऊन आलेला, सरळ विचारलं की लाइट गेल्यावर या बॅटरीवर लिफ्ट चालेल का. तो म्हणाला, "मॅडम, इमर्जन्सी लोड चालेल." मी म्हटलं इमर्जन्सी लोड म्हणजे काय काय? तर जिन्याचे दिवे, गेटचे दिवे, सीसीटीव्ही. आणि लिफ्ट? "मॅडम, लिफ्ट थ्री फेज असते ना." मग कोटेशनचं तिसरं पान काढलं, तिथे बारीक अक्षरात लिहिलेलंच आहे, हायब्रिड इन्व्हर्टर दहा किलोवॅट, सिंगल फेज. सिंगल फेज म्हणजे घरातल्यासारखी एकाच फेजची वीज, आणि आपली लिफ्टची मोटर थ्री फेज, म्हणजे तिला तिन्ही फेज एकदम लागतात, पंपही थ्री फेज, आणि मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते ते वेगळंच. म्हणजे ज्या आजींसाठी आपण ५ लाख ६० हजार काढतोय, त्या आजी पुढच्या वेळी पण तिथेच अडकणार, फरक एवढाच की बाहेर जिन्यात आपण उजेडात उभे राहून ओरडणार.

आणि एक, हे मी तीन जणांकडून ऐकलं म्हणून लिहिते: ही बॅटरी कॉमन मीटरवर बसणार आहे, तुमच्या घरात तिचा एक पंखाही फिरणार नाही. बी विंग २०४ च्या काकांना रात्री ऑक्सिजनचं मशीन लागतं, त्यांना वाटतंय की आता सोय झाली. नाही झाली. त्यांनी घरात स्वतःचा साधा इन्व्हर्टर आणि एक ट्युब्युलर बॅटरी घ्यावी, पंचवीस-तीस हजारात होतं. त्यांना हे कोणीतरी रविवारच्या आधी जाऊन सांगा, मी गेले होते पण दार बंद होतं.

मग आजींच्या लिफ्टचं काय? त्याचं उत्तर लिफ्टच्या मशीन रूममध्ये एका पेटीत आहे. त्या पेटीला एआरडी म्हणतात, लाइट गेली की त्यातली छोटी बॅटरी लिफ्टला हळूहळू जवळच्या मजल्यावर आणते आणि दार उघडते, बस, तेवढंच तिचं काम. आपल्या दोन्ही लिफ्टला एआरडी आहे. लिफ्टवाल्याला सोबत घेऊन मी वर गेले, त्याने झाकण उघडलं तर बॅटऱ्या फुगून पेटीच्या पत्र्याला चिकटलेल्या, एकीवर पांढरी बुरशी आल्यासारखं, आणि वर कोणीतरी मार्करने तारीख लिहिलेली, २०१९ ची. सहा-सात वर्षं कोणी बघितलंच नाही. मी पण नाही, मी पण याच सोसायटीत राहते. दोन्ही लिफ्टच्या मिळून नव्या बॅटऱ्यांना त्याने पंधरा हजार सांगितले. लाखात नाही, पंधरा हजार.

बरं, काही जण म्हणतील की गच्चीवर पॅनल आहेत म्हणजे दिवसा लाइट गेली तर सोलर चालेलच की, बॅटरी असो नसो. नाही चालत, आणि हे बऱ्याच लोकांना पॅनल बसवल्यावर कळतं. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेला बिनबॅटरीचा, लाइनमध्ये वीज नसली की स्वतःहून बंद होतो, डोक्यावर भर दुपारचं ऊन असलं तरी. कारण सोपं आहे, बाहेर वायरमन लाइन बंद समजून खांबावर चढलाय आणि आपल्या गच्चीवरून लाइनमध्ये करंट जातोय असं झालं तर त्याचं काय होईल? १२ ऑक्टोबर २०२० आठवतो ना, सोमवार, सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे एकदम अंधार, लोकल जागच्या जागी उभ्या. बिघाड झालेला आपल्याच ठाणे जिल्ह्यात, कळवा-पडघाच्या हाय टेन्शन लाइनवर. त्या दिवशी ज्यांच्या गच्चीवर साधं सोलर होतं त्यांच्याकडेही अंधारच होता. तेव्हा "सोलर म्हणजे लोडशेडिंगपासून सुटका" हे डोक्यातून काढून टाका. सोलर बिल कमी करतं. लाइट गेल्यावर चालणं हे वेगळं काम, वेगळी वस्तू, वेगळा खर्च, आणि विकणारे दोन्ही एकाच पिशवीत घालून देतात.

आता त्या वेगळ्या खर्चाचा हिशोब. मी गेलं वर्षभर फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लाइट गेली की खूण करते, ही माझी सासूबाईंपासूनची सवय, त्या दुधाचा हिशोब ठेवायच्या मी लाइटचा. वर्षात एकोणीस वेळा गेली, सगळं मिळून साधारण पंधरा तास. बॅटरी दहा वर्षं चालली असं धरलं तर दीडशे तास. ५ लाख ६० हजार भागिले दीडशे. तासाला ३,७०० रुपयांच्या वर! जिन्यातल्या दिव्यांसाठी! एवढ्यात दर वेळी प्रत्येक मजल्यावर मशाल धरून माणूस उभा करता येईल.

आणि बॅटरी बिलही कमी करत नाही, हा मुद्दा जरा शांतपणे वाचा. आपल्याला नेट मीटरिंग मिळणार. दुपारी जास्तीची वीज बाहेर जाते, रात्री आपण परत घेतो, बिलात युनिटला युनिट वजा होतं, राहिलेले पुढच्या महिन्यात जातात आणि ३१ मार्चला हिशोब मिटतो. म्हणजे बाहेरची लाइन हीच आपली बॅटरी, फुकटची, न फुगणारी. तीच वीज आपण स्वतःच्या बॅटरीत भरून रात्री काढली तर शंभर युनिट घातल्यावर नव्वदच्या आसपासच हातात येतात, वरून घट. हा, मार्चअखेर जे युनिट उरतात त्यांना फार कमी भाव मिळतो, म्हणून पॅनल वापरापेक्षा जास्त लावू नका, पंचवीस बरोबर आहे, कोणी "तीस करून टाकू" म्हणालं तर नको म्हणा.

माझा धाकटा भाऊ ऐरोलीला रो हाऊसमध्ये राहतो, त्याने दोन वर्षांपूर्वी हेच सगळं केलं, बॅटरीसकट. तीन किलोवॅटचं सोलर १ लाख ९५ हजार आणि वर हायब्रिड इन्व्हर्टर नि पाच युनिटची लिथियम बॅटरी याचे १ लाख ६५ हजार जास्तीचे. सबसिडी मिळाली ७८ हजार, ती पॅनलची, बॅटरीला एक रुपया नाही. त्याचं महिन्याचं ३२० युनिटचं बिल पावणेचार हजारांवरून दोनशेवर आलं, वर्षाला त्रेचाळीस हजार वाचतात. नुसतं सोलर घेतलं असतं तर तीन वर्षांच्या आत फिटलं असतं, बॅटरीने ते साडेसहा वर्षांवर नेऊन ठेवलं. बरं ती बॅटरी करते काय? लाइट जाईल म्हणून रोज शंभर टक्के भरून बसून राहते. कपाटात पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या डिनर सेटसारखी.

आणि पाहुणे आले तेव्हाची गोष्ट ऐका. मे महिन्यात रात्री दहाला लाइट गेली. आजूबाजूला अंधार, यांच्या घरात झगझगाट, बाबा तर गॅलरीत जाऊन उभे राहिले, शेजाऱ्यांना दिसावं म्हणून. मग आत येऊन "आता बॅटरी आहे ना" म्हणत दीड टनाचा एसी लावला. त्याच वेळी स्वयंपाकघरात भावजयीने इंडक्शनवर बाळाचं दूध ठेवलेलं. इन्व्हर्टरने दोनदा कुंई केलं आणि सगळं घर बंद. बाळ रडतंय, बाबा विचारतायत कोणतं बटण, भाऊ मोबाइलच्या उजेडात मॅन्युअल वाचतोय. शेवटी रिसेट केलं आणि नुसत्या एसीवर चालवलं तर एक-दीडच्या सुमाराला बॅटरी संपली. पाच युनिटची बॅटरी, दीड किलोवॅटचा एसी, दुसरं काय होणार होतं. भाऊ अजूनही म्हणतो, "ताई, निदान मनाला बरं वाटतं." मी त्यावर वाद घालत नाही, त्याचे पैसे त्याचं मन. पण छप्पन्न घरांच्या मेंटेनन्समधून मनाला बरं वाटून घ्यायचं असेल तर ठरावात तसं लिहा.

ग्रुपवर आपल्या ए ५०१ च्या सरांनी मुलाचा मेलबर्नचा व्हिडिओ टाकलाय, तिकडे घराघरात बॅटरी बसतायत, भारत मागे आहे वगैरे. खरं आहे, ऑस्ट्रेलियात चाळीस लाखांहून जास्त छपरांवर सोलर आहे आणि १ जुलै २०२५ पासून तिकडचं सरकार बॅटरीवर साधारण तीस टक्के सूट देतंय. पण का देतंय ते बघा ना सर. तिकडे दुपारी इतकी सोलरची वीज झालीये की घेणारा नाही, मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे बाहेर दिलेल्या युनिटचा किमान दर २०२५-२६ ला जवळजवळ शून्यावर आणलाय. दुपारी फुकट देऊन संध्याकाळी महाग विकत घ्यायची, तर मग माणूस बॅटरी घेणारच. आपल्याला दुपारचं युनिट रात्रीच्या युनिटाएवढंच धरून मिळतंय. उद्या इथेही तो नियम बदलला, दिवसाचा नि रात्रीचा हिशोब वेगळा झाला, तर मी स्वतः बॅटरीचा ठराव मांडीन, आणि तोपर्यंत बॅटऱ्या अजून स्वस्त झालेल्या असतील. आज घेऊन ठेवण्यात काय हशील आहे? फक्त जागा सोडा, डीबीमध्ये, म्हणजे स्विचच्या मुख्य पेटीत, एक्स्ट्रा पॉइंट सोडा.

मुरबाडला नाहीतर शहापूरला कोणाचं फार्महाऊस असेल, तासन्तास वीज जात असेल, त्याने बॅटरी घ्यावी, तिथे हिशोब पार उलटा आहे. हे मी घोडबंदर रोडबद्दल लिहितेय.

तरी कोणाला "दिवसाची वीज रात्रीला साठवायचीच" असा ध्यास असेल तर आपल्याकडे एक बॅटरी आधीच आहे, गच्चीवरची पाण्याची टाकी. मी चौदा दिवस रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सहाला कॉमन मीटरचं रीडिंग घेतलं, वहीत आहे सगळं. वापराचा साठ टक्के भाग संध्याकाळी सहा ते सकाळी सात मध्ये जातो, आणि त्यात मोठा वाटा पंपांचा. साडेसात हॉर्सपॉवरचे दोन पंप, प्रत्येकी दोन तास, रोजची बावीस-तेवीस युनिट. पहाटे पाचला आणि रात्री आठला का चालवतात म्हणून वॉचमनला विचारलं तर म्हणाला, आधीच्या वॉचमनने असंच शिकवलं. खालची टाकी तर सकाळी आठपर्यंत भरलेली असते. तेच पंप अकरा ते एक चालवले तर सोलरची वीज पाण्याच्या रूपाने वर चढते आणि रात्रभर नळाने उतरते. वीस युनिटच्या बॅटरीपेक्षा दोन युनिट जास्तच, खर्च टायमरचा, दोन-अडीच हजार. आज नेट मीटरिंग आहे तोवर याने बिलात फार फरक पडणार नाही हे मान्य, पण उद्या नियम बदलले तर आपण तयार असू.

अजून एक, बॅटरी ठेवायची जागा कोटेशनमध्ये मीटर रूम लिहिलीये. मीटर रूम! जिथे दर जुलैत घोट्यापर्यंत पाणी येतं आणि आपण विटांवर विटा रचून झाडू-बादल्या ठेवतो, तिथे पाच लाखांचं इलेक्ट्रिक सामान? ज्याने हे लिहिलं तो माणूस पावसाळ्यात आपल्याकडे आलेला नाही.

कोटेशन काढलंच आहे तर बाकीचं पण. सोलरवर त्यांनी १३.८ टक्के जीएसटी लावलाय. तो जुना हिशोब आहे, सामानावर १२ आणि कामावर १८ असा मिळून. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावर ५ टक्के झालाय, सगळं मिळून ८.९ पडतो. फरक जवळजवळ ५९ हजार. चुकून राहिलं असेल, पण विचारल्याशिवाय ते दुरुस्त होणार नाही. दुसरं, पॅनलपुढे "टिअर वन" असं छान लिहिलंय पण डीसीआर कुठेच लिहिलेलं नाही. डीसीआर म्हणजे आतले सेल पण भारतात बनलेले, आणि सबसिडीला तेच लागतात. टिअर वन पॅनल लागली आणि डीसीआर नसली तर साडेचार लाखांवर पाणी. ऑर्डरमध्ये हा शब्द लेखी पाहिजे, तोंडी नको. आणि योजना २०२६-२७ पर्यंतचीच आहे, त्यामुळे अजून एक वर्ष कमिट्या नेमत बसलो तर तेही जाईल.

कॉमन मीटरचा मंजूर भार पण बघा, बिलावर वरच लिहिलेला असतो. आपला २० किलोवॅट आहे, त्यापेक्षा मोठं सोलर बसत नाही, म्हणजे आधी भार वाढवून घ्यायचा अर्ज. हे काम कोटेशनमध्ये कोणाचं ते लिहिलेलं नाही, म्हणजे शेवटी ते सेक्रेटरी दादांच्या डोक्यावर येणार.

गच्चीबद्दल थोडं. आपण पावसाळ्याला घातलेली पत्र्याची शेड ए विंगवर आहे, तिच्यावरच पॅनल ठोकू असं तो मुलगा म्हणत होता. मे २०२१ मध्ये तौक्तेच्या वाऱ्यात त्याच शेडचे चार पत्रे उडून शेजारच्या पार्किंगमध्ये गेलेले विसरलात का? तिच्यावर ४६ पॅनलचं वजन आणि वारा नको, वेगळं जीआय स्ट्रक्चर, म्हणजे गंज न लागणाऱ्या जस्त चढवलेल्या लोखंडाचा सांगाडा, करा आणि आधी वॉटरप्रूफिंग, नंतर पॅनलखाली गळती शोधत कोण बसणार. आणि सावली. मागचा नवा टॉवर आता अठराव्या मजल्यावर गेलाय, बी विंगच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात साडेतीनलाच सावली येते, मी स्वतः खडूने रेघ मारून आलेय, ती रेघ अजून आहे, जाऊन बघा. एका ओळीतल्या एका पॅनलवर सावली आली की पूर्ण ओळीची वीज कमी होऊ शकते, तेव्हा तो कोपरा सोडून द्या. मेट्रोच्या कामाची धूळ आणि कबुतरं यांच्यासाठी महिन्यातून दोनदा धुणं आलंच, त्याला नळाचं कनेक्शन आत्ताच काढून घ्या.

कोजागिरीचं विचारणाऱ्यांना: स्ट्रक्चर नऊ फूट उंच घेतलं तर खाली दूध आटवता येईल. चंद्र बघायला दोन पावलं बाहेर यावं लागेल, एवढं करू आपण.

रविवारी मी एवढंच मागणार आहे की विषय ३ चे दोन तुकडे करून वेगवेगळं मतदान घ्या. पहिला, २५ किलोवॅट सोलर, दुरुस्त जीएसटी आणि डीसीआरसकट, सबसिडी वजा जाता घरटी साधारण साडेपंधरा हजार. त्याला सूचक म्हणून माझं नाव लिहा. दुसरा, बॅटरी, घरटी अजून दहा हजार. त्याच्या बाजूने ज्यांना बोलायचंय त्यांनी जरूर बोलावं, पण लिफ्ट थ्री फेज आहे हे ऐकून झाल्यावर.

आणि एआरडीसाठी मीटिंगची वाट बघायची गरज नाही, पंधरा हजार कमिटीच्या अधिकारात बसतात, ट्रेझरर ताईंना मी विचारलंय. लिफ्टवाला शनिवारी सकाळी अकराला नवीन बॅटऱ्या घेऊन येतोय. ए विंगच्या मशीन रूमची चावी माझ्याकडे आहे. बी विंगची कोणाकडे आहे ते वॉचमनलाही माहीत नाही, कृपा करून ज्यांच्याकडे असेल त्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत केबिनमध्ये आणून द्या. मीटर रीडिंगची वही पण तिथेच ठेवलीये, निळ्या कव्हरची, बघा पण घरी नेऊ नका.

आपली,
ए विंग, ६०३